जावयाचा करार आणि सासऱ्यांचा चष्मा

पत्र

ताई, मी नाशिकचा. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा कर्ज विभागात. सध्या सहा महिन्यांसाठी टेक्सासला मुलीकडे आलोय. जावई अमेरिकन आहे. त्यांचा तो फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळतात तो, व्यावसायिक खेळतो. चार हंगाम झाले. नेहमीच्या अकरांत नसतो, राखीव असतो. डावीकडचा किंवा उजवीकडचा टॅकल (समोरच्या गड्याला थोपवणारा) जखमी झाला की याला उतरवतात.

त्याचा करार या मार्चमध्ये (२०२५) संपला. समोर दोन प्रस्ताव आहेत. जुना संघ टेक्सासमधलाच. त्यांचा एक वर्षाचा करार आहे: पगार ११.७ लाख डॉलर, त्यातले ३ लाख गॅरंटीचे, वर १ लाख बोनस. दुसरा संघ कॅलिफोर्नियाचा. तिथे दोन वर्षं, 'एकूण ६४.३ लाखांपर्यंत'. त्यात सहीचा बोनस ६ लाख आणि पहिल्या वर्षाच्या ११.७ लाख पगारातले ५ लाख गॅरंटीचे. बाकी दर सामन्याचे, सरावाचे, किती खेळला त्याचे असे तुकडे. शिवाय डाव्या खांद्याबद्दल एक वेगळं पान जोडलंय. दोन वर्षांपूर्वी त्याचं ऑपरेशन झालं होतं.

एजंट म्हणतो, दुसरा घ्या. जावयाचे वडील म्हणतात, दुसराच घ्या. इकडे आमच्या सौभाग्यवतींनी नाशिकच्या ग्रुपवर चौसष्ट लाख टाकूनही झाले. माझा प्रश्न साधा आहे. संघ करार मध्येच मोडू शकतो आणि खेळाडू मोडू शकत नाही, याला करार म्हणायचं का? रविवारपर्यंत कळवायचंय. मुलीला ऑगस्टअखेरची तारीख दिलीय. बाळंतपण कोणत्या गावात होणार, हेही यावरच आहे.

— एक सासरे

उत्तर

काका, नमस्कार.

तुम्ही मला ताई म्हणालात, पण तुमची नोकरीच चौतीस वर्षांची, तेव्हा मी तुम्हाला काकाच म्हणते. मी कर सल्लागार आहे, वकील नाही आणि एजंट तर मुळीच नाही. इथे खेळाडूंची विवरणपत्रं भरता भरता त्यांचे करार वाचायची सवय लागली, इतकाच माझा अधिकार.

तुमच्या सरळ प्रश्नाला सरळ उत्तर: हो, यालाच करार म्हणतात. एनएफएलच्या (अमेरिकेतल्या या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या) छापील करारातच लिहिलेलं असतं की, जागेसाठी झगडणाऱ्या बाकी खेळाडूंच्या मानाने तुमचं कौशल्य कमी पडतंय असं संघाला वाटलं, तर संघ करार संपवू शकतो. 'संघाला वाटलं तर', एवढं पुरतं. बेसबॉलवाल्यांना करारातला पगार सहसा मिळतोच, संघाने काढलं तरी. इथे तसं नाही. इथे गॅरंटी शब्दाने बांधलेले पैसे तेवढे खेळाडूचे. बाकीचे त्या त्या तारखेला तो संघात असेल तरच. तुम्ही कर्ज विभागात होतात, म्हणून तुमच्या भाषेत सांगते. चौसष्ट लाख ही मंजूर मर्यादा आहे, उचललेली रक्कम नव्हे. काकूंनी ग्रुपवर मर्यादाच टाकली.

आता कागद तारखांनी वाचूया. रक्कम नंतर बघू.

आधी एक गोष्ट जावयाच्या बाजूची. तुम्ही चार हंगाम म्हणालात, ते मोजणीचे चार असतील असं धरते. (पहिल्या वर्षी तो सराव पथकात होता का, हे विचारून घ्या. सराव पथकातले आठवडे यात धरत नाहीत. पूर्ण पगारावर किमान सहा सामने संघात असला तरच तो हंगाम मुक्त होण्याच्या हिशोबात धरतात.) चार भरले म्हणूनच तो आज मोकळा आहे आणि कुठल्याही संघाशी बोलू शकतो. तीनच भरले असते, तर जुन्या संघाला त्याच्यावर हक्क राखता आला असता. चार वर्षांचे आणखी दोन फायदे आहेत. ऑगस्टमध्ये नव्वद खेळाडूंतून त्रेपन्न निवडताना संघाने त्याला काढलं, तर इतर संघांना त्याच्यावर चिठ्ठी टाकून ओढून नेता येत नाही. तो त्याच क्षणी मोकळा होतो आणि कुठे जायचं ते स्वतः ठरवतो. दुसरा फायदा मोठा. हंगामाच्या पहिल्या सामन्याला तो त्रेपन्नांत असला आणि नंतर काढला, तर त्या वर्षाचा उरलेला पगार तो मागू शकतो. हा हक्क साऱ्या कारकिर्दीत एकदाच वापरता येतो, पण आहे.

म्हणजे 'गॅरंटी नाही, पण असल्यासारखीच' असं एजंट म्हणाला असेल, तर ते थापेबाजी नाही. फक्त त्याने तारीख सांगायला हवी होती. ती तारीख म्हणजे सप्टेंबरचा पहिला सामना. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत सगळं हवेत. काही संघ तर एखाद्या अनुभवी राखीव गड्याला पहिल्या सामन्याआधी काढतात आणि आठवड्याभराने परत बोलावतात, एवढ्याचसाठी की हा हक्क लागू होऊ नये. तेव्हा ११.७ लाखांपैकी कागदावर गॅरंटी किती, हा प्रश्न खरा मार्च ते सप्टेंबर या सहा महिन्यांपुरता आहे. आणि तुमच्या मुलीचा महिना त्याच्या टोकावर येतो.

आता जुन्या संघाचा कागद. ११.७ लाख हा आकडा त्यांनी मायेने काढलेला नाही. चार ते सहा वर्षं खेळलेल्यांचा २०२५ चा किमान पगारच तेवढा आहे. त्याहून कमी देताच येत नाही. यात एक मेख आहे, ती समजली की त्या संघाचं वागणं समजेल. अशा अनुभवी गड्याला एका वर्षासाठी किमान पगारावर, अगदी थोड्या बोनससह घेतलं, तर संघाच्या पगारमर्यादेत (सगळ्या खेळाडूंवर मिळून वर्षाला जास्तीत जास्त किती खर्चायचं, तो लीगचा आकडा) तो दोन वर्षं खेळलेल्याच्या भावाने, म्हणजे १०.३ लाखांनी मोजला जातो. २०२५ साठी प्रत्येक संघाची पगारमर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर आहे. त्यात लाखभराची बचत ती काय, असं वाटेल. पण शेवटच्या पंधरा-वीस जागा अशाच भरायच्या असतात. म्हणून जुना संघ बोनस १ लाखाचा ३ लाख करणार नाही. केला की सवलत गेली. तिथे घासाघीस करायची तर बोनसवर नको, गॅरंटीवर करा. ३ चे ५ मागा. त्यात त्यांची सवलत मोडत नाही.

कॅलिफोर्नियाचा कागद जास्त रंगीत आहे, म्हणून थोडं थांबून वाचू. ६४.३ लाख आले कुठून? पहिल्या वर्षी बोनस ६, पगार ११.७, दर सामन्याचे १५ हजार गुणिले १७ म्हणजे २.५५, उन्हाळी सरावाचे ०.७५. झाले २१. दुसऱ्या वर्षी पगार २०, मार्चमध्ये संघात असल्याचा बोनस ५, परत २.५५ आणि ०.७५. झाले २८.३. दोन्ही मिळून ४९.३. उरलेले १५ म्हणजे प्रत्येक वर्षी साडेसात लाख, मैदानावर अमुक टक्के डाव (दर वेळी चेंडू खेळात येतो, तो एक डाव) खेळला तर. तुमच्या पत्रासोबतच्या पानांवरून माझी बेरीज अशी आली. वाटलं तर पडताळून बघा, बँकवाल्याच्या बेरजेवर माझा जास्त विश्वास आहे.

यातले आज सही केल्यावर त्याचे किती? अकरा लाख. बोनसचे सहा, पगारातले पाच. बाजारात तुरी असल्या तरी हे अकरा तरी घरात आले म्हणायचे.

दुसऱ्या वर्षाचे वीस लाख मात्र मी हिशोबात शून्य धरते. कारण संघ तसंच धरतो. सहीचा बोनस पगारमर्यादेत दोन वर्षांवर निम्मा-निम्मा पसरतो. म्हणजे पुढच्या मार्चमध्ये त्याला काढलं, तर संघाच्या वहीत फक्त ३ लाखांचा डाग राहतो आणि २८ लाख सुटतात. असल्या हिशोबात राखीव टॅकल तेव्हाच टिकतो, जेव्हा तो राखीवपेक्षा बरा ठरलेला असतो.

मग तो मार्चचा ५ लाखांचा बोनस कशाला? काका, सबंध कागदात हे माझं आवडतं कलम आहे. त्याला ते ५ लाख मिळतील असं मी म्हणत नाही. पण ती तारीख संघाला निर्णय घ्यायला भाग पाडते. ती नसती, तर संघाने त्याला मार्च, एप्रिल, मे, जून असाच फुकट धरून ठेवला असता, एप्रिलमध्ये कॉलेजमधून नवा पोरगा निवडला असता आणि ऑगस्टमध्ये याला नारळ दिला असता. तेव्हा बाकीच्या संघांचे पैसे संपलेले असतात. आता मार्चमध्ये एकतर ५ लाख मोजा नाहीतर सोडा. सोडलं तर तो अशा वेळी बाजारात येतो, जेव्हा सगळ्यांचे खिसे भरलेले असतात. ही तारीख लीगचं नवं वर्ष सुरू झाल्यापासून पाचव्या दिवसाची आहे. तिसऱ्या दिवसाची मागा. २०२५ मध्ये नवं वर्ष १२ मार्चला दुपारी चारला सुरू झालं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच बहुतेक जागा भरल्या. पाचवा दिवस म्हणजे लग्नाच्या पंगतीत तिसऱ्या पाळीला बसणं.

दर सामन्याच्या १५ हजारांवर मी सहसा नाक मुरडते, त्याला कारण आहे. माझा पहिला खेळाडू ग्राहकही राखीवच होता. त्याच्या करारातले सगळे 'दर सामना' पैसे मिळणारच असं धरून मी त्याचा तिमाही आगाऊ कर भरायला लावला. निम्मे सामने तो साध्या कपड्यांत बाजूला उभा होता. संघात त्रेपन्न असले, तरी सामन्याच्या दिवशी सगळेच गणवेश चढवत नाहीत, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. जास्तीचा भरलेला कर परत मिळाला, पण तोपर्यंत त्या मुलाने गाडीचे हप्ते उधारीवर भरले. तो माझ्यावर रागावला नाही. तेव्हापासून मी आधी गणवेश मोजते.

तुमच्या जावयाच्या बाबतीत मात्र हे कलम वाटतं तितकं पोकळ नाही. सामन्याला जास्तीत जास्त ४८ जण तयार ठेवता येतात, पण पूर्ण अठ्ठेचाळीस हवे असतील, तर त्यांत आक्रमणाच्या फळीतले आठ तरी लागतात. पाच उतरतात, तीन राखीव. दोन्ही बाजूंना खेळू शकणारा टॅकल त्या तिघांत बसतोच. हा तिसरा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य गडी) असता, तर मी म्हटलं असतं, हे पैसे विसरा. हा तब्येतीने धड असेल त्या प्रत्येक रविवारी गणवेश घालेल. 'धड असेल' हे शब्द लक्षात ठेवा, त्यांच्याकडे येतेच आहे.

टक्केवारीचे साडेसात लाख हा एजंटच्या पत्रकाचा आकडा. संघ ते मोकळ्या हाताने देतो, कारण गेल्या वर्षी जे गाठलं नव्हतं असं लक्ष्य ठेवलं, की ती रक्कम यंदाच्या पगारमर्यादेत धरावी लागत नाही. म्हणूनच इथे मागायला जागा आहे. तुम्ही पाठवलेल्या पानांवर आहे की गेल्या हंगामात तो २२ टक्के डाव खेळला आणि यांची पहिली पायरी ५० ची आहे. पन्नास म्हणजे अर्धा हंगाम कुणीतरी मोडायला हवं. पहिली पायरी २५ ची मागा, छोट्या रकमेची का होईना. २५, ३५, ५०. पायऱ्या जवळजवळ हव्यात, नाहीतर काय होतं ते ऐका. २०१८ चा हंगाम. फिलाडेल्फियाचा निक फोल्स. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याने राखीव म्हणून येऊन सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकून दिला होता आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच होता. नव्या करारात त्याला अट होती: ३३ टक्के डाव आणि संघ बाद फेरीत, तर दहा लाख डॉलर. शेवटच्या सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध चौथ्या सत्रात त्याला मार लागला आणि तो बाहेर बसला. संघ बाद फेरीत गेला. डाव चार कमी पडले. चार! संघमालकांनी ते दहा लाख तरीही दिले, ही त्यांची दानत. पण ज्याने शहराला पहिला सुपर बोल दिला, त्याला दानत भेटते. राखीव टॅकलचं नाव स्टेडियमबाहेर फार थोड्यांना माहीत असतं.

(जावयाचे वडील बहुधा चेस डॅनियलचं उदाहरण देतात, बरोबर? सगळे देतात. आयुष्यात पाच सामने सुरुवातीपासून खेळला आणि चार कोटी डॉलर कमावले. खरं आहे. पण तो क्वार्टरबॅक. ते दुकानच वेगळं आहे.)

आता खांद्याचं पान. तुम्ही ते पत्राच्या मध्येच एका ओळीत उरकलंत. मी ते आधी वाचलं. तुमचं पत्र आलं त्याच रात्री मी दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं, 'या पानावर सही थांबवा' म्हणून, ते त्यामुळेच.

पानावर आहे ते असं: डाव्या खांद्याची जुनी दुखापत खेळाडूला मान्य आहे, आणि ती पुन्हा उद्भवली किंवा बळावली, तर त्या दुखापतीपोटी पगार आणि गॅरंटी मागण्याचा हक्क तो सोडतो. आता छापील करार काय म्हणतो ते ऐका. संघासाठी खेळताना किंवा सराव करताना खेळाडू जखमी झाला, तर त्या हंगामाचा पगार संघ देतो. गॅरंटी असो वा नसो. फुटबॉलपटूच्या डोक्यावर हे एकच खरं छप्पर आहे. आणि ते पान नेमकं त्या छपराचं डाव्या बाजूचं कौल काढून घेतं. टॅकलच्या डाव्या बाजूचं! हा माणूस दर डावाला दीडशे किलोच्या गड्याला दोन्ही हातांनी थोपवतो. त्याचा खांदा म्हणजे गवंड्याची थापी.

चार चित्रं रंगवून बघा. धडधाकट आहे आणि सप्टेंबरमध्ये संघात आहे: कॅलिफोर्निया २१ लाख, जुना संघ १२.७. ऑगस्टमध्ये काढला: कॅलिफोर्निया ११, वर सरावाचे पाऊण, जुना संघ ४. जुलैत गुडघा गेला: कॅलिफोर्निया बोनस आणि पगार मिळून १७.७, जुना संघ १२.७. तिन्ही ठिकाणी एजंट आणि व्याही बरोबर आहेत. जुलैत डावा खांदा गेला: जुना संघ १२.७ देतो, कारण ऑपरेशन त्यांच्याच वेळी झालंय, त्यांच्या डॉक्टरांना तो सांधा आतून ठाऊक आहे आणि त्यांनी असलं पान जोडलेलं नाही. कॅलिफोर्निया? सहीचे सहा लाख. पाच लाखांची गॅरंटीही त्या पानाने खाल्ली.

म्हणजे जिथे तो मोडण्याची सगळ्यात जास्त भीती, नेमका तिथेच मोठा करार लहान होतो.

तेव्हा माझा सल्ला. कॅलिफोर्नियाला हो म्हणा, पण या पानावर भांडून. तुमच्याकडे ताकद थोडी आहे, ती सगळी इथेच खर्च करा. दर सामन्याचे १५ चे २० हजार मागण्यात ती वाया घालवू नका. पान पूर्ण काढतील असं वाटत नाही. पण तीन गोष्टी मागता येतात. एक, हक्क सोडणं फक्त ऑपरेशनमध्ये शिवलेल्या त्या कूर्चेपुरतं (सांध्यातल्या मऊ हाडापुरतं) असावं, 'डावा खांदा' असं मोघम नको. हाड मोडलं, स्नायू फाटला तर ती नवी दुखापत. दोन, पगारातले ५ लाख कुठल्याही कारणाने झालेल्या दुखापतीत कायम राहावेत. तीन, वैद्यकीय तपासणीच्या दिवशी त्यांनीच एमआरआय काढावा आणि तो अहवाल कराराला जोडावा, म्हणजे 'जुनं होतं की नवं' यावर उद्या वाद नको. पहिल्या दोनपैकी एक तरी मिळालं तर सही करा. दोन्ही नाही म्हणाले, तर मी जुन्या संघात राहीन आणि गॅरंटी ५ करून मागेन. व्याह्यांना हे पटणार नाही. त्यांना चौथं चित्र दाखवा.

आणखी एक ओळ शोधा, दोन्ही कागदांत. जखमींच्या यादीत गेल्यास पगार कमी, अशी दुहेरी रक्कम लिहिलीय का? असेल तर खोडायला सांगा. तसंच, संघाने काढल्यावर दुसरीकडे मिळालेला पगार गॅरंटीतून वजा करायचं कलमही बघा. ते काढून मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर त्यावरून बोलणी मोडू नका.

हे सगळं बोलणार कोण? एजंट. काका, कळकळीने सांगते, तुम्ही फोन उचलू नका. एनएफएलमध्ये संघाशी बोलायचा हक्क फक्त खेळाडूला स्वतःला किंवा खेळाडू संघटनेने मान्यता दिलेल्या एजंटला आहे. २०२३ मध्ये बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक लॅमार जॅक्सन एजंटशिवाय स्वतःच वाटाघाटी करत होता. तेव्हा मान्यता नसलेला कोणी त्याच्या वतीने बोलत असल्याची कुणकुण लागली आणि लीगने बत्तीसही संघांना पत्र काढलं. जॅक्सनने ते नाकारलं आणि पुढे २६ कोटींचा करार स्वतः केला. त्याला ते झेपलं. सासऱ्यांनी नाशिकच्या आवाजात कॅलिफोर्नियाच्या मॅनेजरला विचारलं, 'ये शोल्डर का क्या है?', तर जावयाला झेपणार नाही. तुम्ही प्रश्न लिहून द्या, विचारायचं काम जावयाचं. एजंटवर राग धरू नका. त्याचं कमिशन जास्तीत जास्त तीन टक्के असतं आणि खेळाडूला पैसे मिळतील तसंच त्यालाही मिळतं. म्हणजे न मिळणाऱ्या चौसष्ट लाखांवर त्यालाही काही नाही. मोठा आकडा त्याला पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला लागतो, इतकंच.

कराचं थोडक्यात. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. कॅलिफोर्नियात वरच्या कमाईवर तो १३.३ टक्क्यांपर्यंत जातो. पगार कामाच्या दिवसांनुसार वाटला जातो आणि बाहेरगावच्या सामन्यांचे दिवस त्या त्या राज्याचे. सहीच्या बोनसला मात्र खेळण्याची अट नसली आणि घर टेक्सासमध्येच राहिलं, तर तो त्या वाटणीबाहेर ठेवता येण्याची शक्यता असते. म्हणून सही करण्याआधी त्याच्या सीएला त्या कलमाची भाषा दाखवा. करार झाल्यावर दाखवून उपयोग नसतो. माझ्याकडे लोक करार झाल्यावरच येतात.

आता शेवटचं, जे तुम्हाला खरं विचारायचं होतं. बाळंतपण कुठे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात नव्वदाचे त्रेपन्न होतात, म्हणजे मुलीच्या तारखेच्या आसपासच. तो कुठल्याही संघात असला, तरी त्या आठवड्यात घरात फोन वाजला की सगळ्यांचा श्वास अडकणार. अशा वेळी नव्या गावात, नव्या डॉक्टरकडे, चार महिन्यांपूर्वी घेतलेल्या घरात ती नको. टेक्सासचं घर ठेवा, डॉक्टर तोच ठेवा. कॅलिफोर्नियात जावयासाठी महिन्याच्या भाड्याने सामानासकट खोली घ्या. विकत तर काहीच नको, पुढचा मार्च जाईपर्यंत. नवं घर घ्यायचंच म्हणून व्याही बसले, तर त्यांना सांगा, दुसरं वर्ष अजून कागदावर आहे. विम्यासाठी जावयाने खेळाडू संघटनेच्या लाभ विभागाला ईमेल करून लेखी विचारावं: ऑगस्टमध्ये संघाने काढलं, तर बायकोचा आणि बाळाचा विमा कोणत्या तारखेपर्यंत. त्याचे मोजणीचे तीन हंगाम केव्हाच झालेत, म्हणजे निवृत्तिवेतनाचा हक्क पक्का आहे. विम्याबद्दल मात्र ऐकीव माहितीवर राहू नका.

आणि तुमचं परतीचं तिकीट ऑगस्टआधीचं असेल, तर काकूंचं तरी पुढे ढकला. एनएफएलचं वेळापत्रक त्या बघणार नाहीतच, पण मुलीचं बघतील.

नाशिकच्या ग्रुपवर कुणी परत विचारलंच, तर लिहा की अजून सही व्हायचीय. रविवारपर्यंत ते खरंही आहे.